परसातल्या बिननावाच्या रोपाबाबत पुरवणी जबाब

जबाब देणार: नाव व पत्ता पहिल्या जबाबात दिला आहे, त्यात बदल नाही. वय त्रेचाळीस वर्षे. धंदा: चष्म्याच्या दुकानात नोकरी. सध्या घरी बसून आहे, त्याचे कारण पुढे येईल.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून पुन्हा सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या सासऱ्यांसोबत राहते. घरात आम्ही दोघेच. माझे पती, म्हणजे त्यांचा मुलगा, हृदयविकाराने वारले त्याला काही वर्षे झाली. मूलबाळ नाही. पती गेल्यावर मी माहेरी जाईन असे सगळ्यांना वाटले होते. मलाही वाटले होते. पण आज नको, पुढच्या महिन्यात बघू, असे करता करता राहून गेले. तक्रारदार ही माझी नणंद, सासऱ्यांची एकुलती एक मुलगी. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि दर रविवारी वडिलांना भेटायला येते. आमचे भांडण असे कधी झाले नाही. तिने माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे, म्हणून हे सांगून ठेवते.

सासरे एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी होते. तिथे त्यांना उस्ताद म्हणत. गल्लीतले लोक अजूनही म्हणतात. भाजीची गाडी आली की ते कुठल्याही जुडीतले एक पान घ्यायचे, तळहातावर चुरगळायचे, नाकाशी धरायचे, मग जिभेवर ठेवून डोळे मिटून चावायचे आणि थुंकून टाकायचे. त्यानंतर माल उतरवायचा की परत पाठवायचा ते सांगायचे. त्यांनी चाखल्यावर दुसऱ्या कोणी चाखायचे नाही, असा तिथला रिवाज होता. कोणी चाखलेच तर त्याचा उस्तादांवर विश्वास नाही असा अर्थ घेतला जाई.

तोच रिवाज त्यांनी घरी आणला. मी लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाक करताना चाखून बघत नाही. त्यांचे ताट आधी वाढायचे आणि बाजूला उभे राहायचे. ते पहिला घास घ्यायचे आणि एका शब्दात सांगायचे. मीठ. कच्चं. पाणी. करपट. पुढचे मला कळायचे. नुसते "ठीक" म्हणाले तर त्या दिवशी मी जिंकले असे माझे पती गमतीने म्हणायचे. असे फार कमी वेळा झाले. मागच्या हिवाळ्यात सासऱ्यांना मोठा ताप आला, आठवडाभर अंगात होता. त्यातून उठल्यावर त्यांनी माझ्या जेवणाला नावे ठेवणे बंद केले. पहिला घास घेऊन ते माझ्याकडे बघून "चांगलं झालंय" म्हणू लागले. रोज. मला बरे वाटायचे. इतक्या वर्षांनी हात बसला असे मी दुकानातल्या बाईंनाही बोलून दाखवले. हे लिहायची गरज आहे का असे हवालदारांनी विचारले. मी म्हटले, पुढे लागेल, लिहा.

आता रोपाबद्दल. आमच्या घरामागे परस आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मोरीचे पाणी जाते, तिथे पावसानंतर एक रोप आपोआप उगवले. मी ते लावलेले नाही. पाने रुंद, कडा करवतीने कापल्यासारख्या, देठ जाडसर. मोरीचे पाणी पिऊन ते बघता बघता गुडघ्याएवढे झाले. ते कसले, हे कोणालाच माहीत नव्हते. दूध घालणारा म्हणाला वांगे असावे. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. ते म्हणाले सूर्यफूल. मी फोनने फोटो काढून शोधले तर फोनने तीन वेगळी नावे दाखवली, त्यातली दोन मला वाचताही आली नाहीत. नणंद म्हणाली, उपटून टाक, नसती ब्याद. रोपवाटिकेतल्या माणसाला दुकानाकडे जाताना विचारले, तर तो मान वर न करता म्हणाला, फूल आलं की कळेल. मला ते पटले. काढण्याचा कंटाळाही होताच. राहू दिले.

सासऱ्यांनी त्या रोपाकडे तोपर्यंत लक्ष दिले नव्हते. पण एका संध्याकाळी गुरुजी कुंपणाला टेकून सूर्यफुलाबद्दल बरेच सांगत होते आणि सासरे पायरीवर बसून ऐकत होते. गुरुजी गमतीत म्हणाले, उस्ताद असताना आम्ही कशाला डोके चालवतो, त्यांनाच विचारा की. सासरे उठले. एक पान तोडले, चुरगळले, नाकाशी धरले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरले, हे मी पाहिले होते. मग जिभेवर ठेवले, डोळे मिटून चावले आणि थुंकले. म्हणाले, "चाकवत आहे. रानातला. कोवळा आहे तोवर खाऊन टाकायला हवा." गुरुजींनी हात जोडले. मलाही सुटल्यासारखे झाले, कारण त्या रोपाचा विषय मला पुरे झाला होता. त्यांच्यानंतर चाखायचे नाही, म्हणून मी चाखले नाही. चाखले असते तर आज इथे बसावे लागले नसते.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी ते म्हणाले की आज डबा नेऊ नकोस, दुपारी घरी जेवायला ये, भाजी मी करतो. तापानंतर प्रथमच ते शेगडीपाशी जाणार होते. मी दुपारी निघणार तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. त्या गृहस्थांनी दुकानातल्या निम्म्या फ्रेम नाकावर चढवून पाहिल्या आणि शेवटी जुन्याच फ्रेमला काचा बसवा म्हणाले. त्यामुळे मला उशीर झाला. घरी पोचले तेव्हा सासरे जेवून झाले होते. माझे ताट झाकून ठेवले होते. ते खुर्चीत बसून भिंतीशी बोलत होते. तोंड लाल, ओठ सुकलेले, जीभ टाळ्याला चिकटत होती. मला ओळखले नाही. मी त्यांचे तोंड उजेडाकडे केले तर डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण उघडलेल्या होत्या, आणि उजेडातही लहान होत नव्हत्या. आमच्या दुकानात आठवड्यातून एकदा डोळ्यांचे डॉक्टर बसतात. तपासणीआधी ते पेशंटच्या डोळ्यात थेंब घालतात, तेव्हा अशाच बाहुल्या होतात. ते मी दर आठवड्याला बघते म्हणून लक्षात आले.

त्यांनी काय खाल्ले ते दवाखान्यात विचारतील म्हणून मी पातेल्यातली चिमूटभर भाजी जिभेवर ठेवली. ती मी तोंडात धरू शकले नाही, इतकी कडू होती. वासही वाईट होता. माणूस असा एक घास घेईल हे शक्य वाटत नव्हते, आणि त्यांनी वाटीभर खाल्ली होती. गुरुजींनी रिक्षा आणली. दवाखान्यात मी डॉक्टरांना बाहुल्यांचे सांगितले, थेंबांचेही सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, बरे झाले सांगितले, त्या थेंबात असते त्याच जातीचे विष दिसते आहे. त्यांनी त्याप्रमाणे उपचार केले आणि सासरे वाचले. जे सांगितल्याने ते वाचले, तेच पुढे माझ्या अंगाशी आले.

नणंद हे कळताच आधी आमच्या घरी गेली, कपडे आणायला. तिथे तिने ओटा आवरला, भाजी टाकून पातेले घासले, आणि रागाच्या भरात ते रोप मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत घातले. डॉक्टरांनी भाजी घेऊन या म्हटल्यावर मी तिला फोन केला, तोवर सगळे झाले होते. तिने हे वाईट मनाने केले असे माझे म्हणणे नाही. वडील दवाखान्यात असताना माणसाचे हात काहीतरी करत राहतात. पण त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही उरले नाही. पुढे तिच्या घरच्यांपैकी कोणीतरी तिला म्हणाले की हे विष डोळ्यांच्या थेंबात असते, आणि वहिनी चष्म्याच्या दुकानात. वहिनीच्या ताटाला हातही लागलेला नव्हता. घर उस्तादांच्या नावावर आहे. एवढे पुरले. तिने अर्ज दिला. दुकानदारांनी मला सांगितले की पोलिसांचे काय ते मिटेपर्यंत येऊ नका. ते भल्या शब्दांत म्हणाले, पण माझी चावी ठेवून घेतली.

सासऱ्यांकडे आपण चौकशी केली तेव्हा त्यांनी काही आठवत नाही असे सांगितले. गुरुजींनी चाकवताची हकीकत सांगितली, तर नणंदेचे म्हणणे पडले की तिच्या वडिलांची पालेभाजी ओळखण्यात चूक होणेच शक्य नाही, त्यामुळे ते रोप चाकवतच होते आणि विष दुसरीकडून आले.  पहिल्या जबाबात मी फक्त झाले तेवढे सांगितले.

त्यानंतर मोरीच्या पाइपामागे, टाकीच्या आडोशाला, त्याच पानांचे दुसरे लहान रोप मला दिसले. तिथे कोणाची नजर जात नाही म्हणून ते वाचले असावे. मी त्याच्याभोवती मोडकी खुर्ची उलटी घालून ठेवली आणि रोज पाणी घातले. ज्याने घरात हा घोळ घातला त्याचीच मर्जी राखत बसायची वेळ आली. नोकरी नाही, करायला दुसरे काम नाही, त्यामुळे मी पाने मोजत बसे. त्याला कळी धरली. मागच्या आठवड्यात फूल उमलले, पांढरे, लांबट, नरसाळ्यासारखे. गुरुजींनी कुंपणावरून पाहताच हा धोतरा आहे म्हणून सांगितले. दूधवालाही तेच म्हणाला. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी परसात पाय ठेवायच्या आधी ओळखले. फूल आल्यावर सगळ्यांनाच ओळखता येते, त्याबद्दल माझी कोणावर तक्रार नाही. रोप जसेच्या तसे मुळासह आपल्या ताब्यात दिले आहे.

आज साहेबांनी मला बोलावून विचारले की रोप धोतऱ्याचे हे मान्य, पण तुमचे सासरे उस्ताद. जेवणाऱ्याला कळणार नाही तेवढे मीठ कमी पडले तर त्यांना कळायचे, असे त्यांची मुलगी सांगते. असा माणूस इतकी कडू भाजी वाटीभर खाईल कसा? त्यांना कळू नये अशा बेताने तुम्हीच ती कशात तरी मिसळून घातली नाही कशावरून? याचे उत्तर आज दिले नाही तर पुढची कारवाई करावी लागेल असेही त्यांनी सांगितले. त्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे. ते मी आजवर दिले नाही. आता देते.

सासऱ्यांना तापानंतर चव कळत नाही. वासही येत नाही.

हे मला दवाखान्यात कळले. विषाच्या अमलात ते कँटीनमध्ये असल्यासारखे वागत होते. चादर बाजूला सारून ते दोन्ही हातांनी हवेत मोठे पातेले ढवळत. मधेच कोणाला तरी जाळ कमी कर म्हणत. मग तळहातावर थेंब घ्यावा तसे करत आणि जीभ लावत. पुन्हा लावत. पुन्हा. नणंद तेव्हा औषधे आणायला खाली गेली होती, खाटेजवळ मी एकटीच होते. ते एकदम थांबले, माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "जरा चाखून सांग रे. मला कळत नाहीये. कुणाला बोलू नकोस." मला ते कँटीनमधला कोणी समजत होते. मी बरं म्हटले. ते रडत होते. मी त्यांना रडताना आधी पाहिले नव्हते, मुलगा गेला तेव्हाही नाही.

मग मागचे सगळे जुळत गेले. एकदा दूध उतू जाऊन करपले आणि ते शेजारीच पेपर वाचत बसले होते. एकदा मी चुकून मीठ दोनदा घातले, ते मला नंतर माझ्या ताटात कळले, आणि त्यांनी चांगलं झालंय म्हणून पानातले सगळे संपवले होते. मी ते वयावर घातले होते. त्या संध्याकाळी पान चावून त्यांना काही कळले नव्हते. गुरुजींसमोर, माझ्यासमोर ते तसे बोलू शकले नाहीत. पानाच्या आकारावरून जे नाव आठवले ते त्यांनी सांगितले. मग ते नाव खरे करायला भाजीही करावी लागली, असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच लिहावा.

ते शुद्धीवर आल्यावर, घरी आणायच्या आदल्या दिवशी, मी त्यांना विचारले. वॉर्डमध्ये बाकीचे जेवत होते. ते खिडकीकडे बघत हो म्हणाले. तापानंतर एक दिवस पहिला घास घेतला आणि तोंडात काहीच नव्हते, म्हणाले. वाटले उद्या येईल. रोज वाटायचे. मला हे बाहेर कुठे बोलू नकोस म्हणाले. ताईलाही, म्हणजे माझ्या नणंदेलाही, नको. मी बोलणार नाही असा शब्द दिला. माझ्यावर अर्ज होईल हे तेव्हा मला माहीत नव्हते. त्यांना पुढेही कोणी नीट सांगितलेले नाही. मी रोज घरी असते ते सुट्टी आहे म्हणून, असे मी त्यांना सांगितले आहे.

त्याच वेळी मी त्यांना आणखी एक विचारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, पण एकदा सांगायला बसले आहे तर सांगते. मला राग आला होता. तापापासून रोज मला चांगलं झालंय म्हणत होते ते काय होते, हे मला कळायला हवे होते. मी म्हटले, "बाबा, चव कळत नव्हती तर रोज मला खोटं का सांगत होता?"

ते म्हणाले, "तू ताट वाढून उभी राहायचीस ना. इतकी वर्षं उभी राहायचीस. जीभ होती तोवर मी ताटाकडेच बघत होतो. ती गेली, मग वर बघितलं."

मी डबा उघडून त्यांना भात दिला. तो त्यांनी खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होते, मी प्रथमच चाखून आणला होता. मी म्हटले, उद्या जास्त घालते.

त्यांच्या नाक-घशाची तपासणी करायची असल्यास माझी हरकत नाही, पण ती त्यांना सांगून, दार लावून करावी. हे नणंदेला कळवावे लागेल हे साहेबांनी मला समजावून सांगितले आहे. तिला कळले तरी तिने ते वडिलांना बोलून दाखवू नये एवढी माझी विनंती आहे. तिच्याविरुद्ध मला काही करायचे नाही. दुकानदारांना आपण दोन ओळी लिहून दिल्यास बरे होईल. बाकी काही मागणे नाही. मी दमले आहे.

आज मी एकटी येणार होते. सासऱ्यांना मी बाजारात जाते म्हणून सांगितले होते. ते काठी घेऊन दारात उभे राहिले आणि मीही येतो म्हणाले.  ठाण्यापाशी आल्यावर बाजाराचा रस्ता हा नाही असे ते म्हणाले नाहीत. हा जबाब चालू असताना ते बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून आहेत. खोलीच्या खिडकीला काच नाही.

वर लिहिले ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. हवालदारांनी ते मला वाचून दाखवायला घेतले तेव्हा हळू वाचावे अशी विनंती मी केली, पण पंख्याच्या आवाजात मला ऐकू येईना, म्हणून त्यांना मोठ्याने वाचावे लागले. वाचून झाल्यावर बरोबर आहे का असे त्यांनी विचारले. मी उत्तर देण्याआधी बाहेरच्या बाकावरून सासरे म्हणाले, "बरोबर आहे. लिहा, बरोबर आहे म्हणून." त्याप्रमाणे लिहिले आहे. माझेही तेच म्हणणे आहे. खाली मी सही करते, आणि त्यांनीही सही करायला पेन मागितले आहे.